हिरवा दिवा, काळी जर

उज्ज्वलाबाई टिपऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनला स्वतःचं कौतुक फार. दिवसातून तीनदा, जेवण गरम करून झालं की त्याचा हिरवा दिवा लागे आणि तो बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात सांगे, "दार बंद आहे. गळती शून्य. मी सुरक्षित आहे." विचारलं होतं कुणी? पण २०४६ सालची यंत्रं न विचारता उत्तरं देतात आणि आपणही ती न तपासता मान्य करून टाकतो.

त्या दुपारीही दिवा लागला. उज्ज्वलाबाईंनी वाफाळतं वरण नवऱ्याच्या भातावर वाढलं. हेमंतरावांनी चमचा उचलला, तो तोंडाजवळ नेला आणि हात थरथरू लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापासून सगळा हात. वरण सदऱ्यावर सांडलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मी नंतर जेवतो."

"नंतर म्हणजे कधी? चार वाजता? आणा तो चमचा इकडे."

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढलेला हा माणूस. त्याने ओढलेली रेघ पुसायची वेळ कधी आली नाही, असं कोपरगावच्या कचेरीत अजून सांगतात. तो आता मान खाली घालून बायकोच्या हातून भात खात होता. उज्ज्वलाबाई मुद्दाम भाजीवाल्याची काहीतरी तक्रार सांगत राहिल्या, म्हणजे घास भरवला जातोय याकडे दोघांचंही लक्ष जाऊ नये.

कंपवाताचं निदान होऊन सहा वर्षं झाली होती. नाशिकच्या एका रुग्णालयात मेंदूत केसासारखी तार बसवली, ती कानामागून मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणली आणि तिथे बिस्किटाएवढी एक चकती ठेवली. उजव्या मनगटावर एक कडं आलं. हात थरथरायला सुरुवात होण्याआधीच कड्याला ते कळायचं. ते चकतीला बिनतारी निरोप द्यायचं, चकती तारेतून मेंदूला हलकासा विजेचा ठोका द्यायची आणि कंप उठायच्या आत विरून जायचा. चार वर्षं सगळं सुरळीत होतं. हेमंतराव पुन्हा चित्रं काढायला लागले होते. मग दिवाळीनंतर, म्हणजे गेल्या तीन महिन्यांत, अचानक सगळं बिनसलं.

डॉक्टर सबनिसांनी चकतीतल्या नोंदी पाहून सांगितलं होतं, "चकती मधेच थांबते आहे. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. आणि वेळा बघा, सगळ्या जेवणाच्या. चावताना, गिळताना मानेतली तार ओढली जात असणार. ती आतून तुटत आलीय. मेंदूपासून सगळी नवी बसवावी लागेल."

"धोका काय?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं होतं.

"दुसऱ्यांदा मेंदूत जायचं म्हणजे धोका असतोच. बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. दहातल्या एखाद्याची वाचा जाते."

संमतीपत्र फ्रिजवर चिकटवलं होतं. शुक्रवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. उज्ज्वलाबाई रोज त्या कागदाजवळून जायच्या आणि सही उद्यावर ढकलायच्या. हेमंतराव काही म्हणत नव्हते. फक्त हल्ली ते फार बोलायला लागले होते. जुन्या गोष्टी, जुनी माणसं, धरणावरचे साहेब. राहिलेलं सगळं बोलून घ्यावं, अशी त्यांची घाई चालली होती. उज्ज्वलाबाईंना ते कळायचं. म्हणून त्या अधिकच जपायला लागल्या. भात मऊ, वरण पातळ, दूध कोमट, सगळं पुन्हा पुन्हा ओव्हनमध्ये घालून गरम करायचं आणि गरमागरम समोर ठेवायचं. जितकं जपावं तितका हात जास्त थरथरायचा.

ओव्हनवर एक कव्हर होतं. त्याचीही एक गोष्ट आहे. लग्नात उज्ज्वलाबाईंच्या वडिलांनी, येवल्याच्या आप्पांनी, स्वतःच्या मागावर विणलेली जांभळी पैठणी दिली होती. दोन-तीन वर्षांत तिची जर काळवंडली आणि सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: प्लास्टिकची जर. पुढे सगळी वर्षं हळदीकुंकवाला, बारशाला, मुंजीला त्यांचं एकच पालुपद. "आमच्या व्याह्यांची पैठणी बरं का, प्लास्टिकची." हेमंतराव तेव्हा खाली मान घालून वर्तमानपत्र वाचायचे. आणि सांगायला लाज वाटते, पण हळूहळू उज्ज्वलाबाईंनाही ते पटत गेलं. त्या वर्षी आप्पांनी दोन मुलींची लग्नं एकाच मांडवात उरकली होती. कुठेतरी हात आखडला असेल बिचाऱ्यांनी. त्यांनी आप्पांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं तरी सांगणार किंवा खोटं तरी, आणि दोन्ही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. या दिवाळीच्या साफसफाईत पैठणी ट्रंकेच्या तळाशी सापडली, तेव्हा उज्ज्वलाबाईंनी मनाचा हिय्या करून कात्री घेतली आणि पदराचं ओव्हनला कव्हर शिवून टाकलं. पुढे जरीचा काठ लोंबता ठेवला. तो सारखा सरकायचा, म्हणून दार लावताना वरच्या फटीत बोटभर काठ त्या आत सारायच्या, निऱ्या खोचतात तसा. हेमंतराव हसून म्हणाले होते, "ओव्हनचा नंदीबैल केलास की. झूल घातलीस."

रविवारी संध्याकाळी पुण्याहून केतकीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. पडद्यावर तिचा दमलेला चेहरा दिसत होता.

"आई, सही झाली का?"

"करते गं."

"करते करते म्हणत पंधरा दिवस झाले. बाबांची तार उद्या पूर्ण तुटली म्हणजे? डॉक्टरांना जास्त कळतं की तुला?"

"मी कुठे म्हणतेय मला कळतं? पण त्यांची वाचा गेली तर त्यांच्याशी रोज बोलायचं मला आहे, डॉक्टरांना नाही. तू त्या नोंदी मला पुन्हा वाचून दाखव."

केतकीने सुस्कारा सोडला, पण वाचायला लागली. तारीख आणि वेळा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेसात. आठ, एक, साडेसात. उज्ज्वलाबाई लसूण सोलत ऐकत होत्या.

"अठरा तारखेला आठ दहा, एक पाच, नऊ वीस."

"थांब. अठराला नऊ वीस का?"

"उशिरा जेवला असाल."

उज्ज्वलाबाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली आणि हातातला लसूण तसाच राहिला. "केतकी, अठराला संकष्टी होती. बाबा चंद्र उगवल्यावर जेवतात."

"हो ना, मग नऊ वीस बरोबर आहे."

"नऊ वीस बरोबर आहे गं. एक पाच चूक आहे! सकाळी दूध तरी घेतलं होतं, पण दुपारी एक वाजता त्यांनी काही खाल्लंच नाही. संकष्टीला ते खिचडीसुद्धा घेत नाहीत. समोर बसून कोडं सोडवत होते. मग चावलं काय आणि गिळलं काय?"

केतकीने त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "मग एक वाजता काय झालं?"

"मी जेवले," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "कालची उसळ गरम करून." आणि त्यांनी वळून ओव्हनकडे पाहिलं. दिवा हिरवा होता.

सोमवारी त्यांनी कंपनीच्या मदतवाहिनीला फोन लावला. तिकडे माणूस नव्हताच. गोड आवाजात उत्तर आलं, "आपल्या यंत्राने या महिन्यात त्र्याण्णव वेळा स्वतःची तपासणी केली आहे. गळती शून्य. यंत्र सुरक्षित आहे."

"अहो, पण त्यालाच विचारून काय उपयोग? परीक्षा त्याची, पेपर तपासणाराही तोच?"

"आपल्या यंत्राने या महिन्यात त्र्याण्णव वेळा..."

उज्ज्वलाबाईंनी फोन ठेवला, कव्हर काढून घडी घालून ठेवलं, कारण झूल घातलेला ओव्हन बाजारातून कोण नेणार, आणि रिक्षा करून थेट बसस्टँडमागच्या नजमाच्या दुकानात गेल्या. नजमा तांबोळी पन्नाशीची. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिने पुढे चालवलं होतं. यंत्रं स्वतःच स्वतःचे दोष सांगायला लागल्यापासून तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नसे.

तिने ओव्हनमध्ये पाण्याचा ग्लास ठेवला, बटण दाबलं आणि टीव्हीच्या रिमोटएवढं एक जुनं मीटर दाराच्या कडेकडेने फिरवलं.

"बघा काकू, जुन्या मायक्रोवेव्हमध्ये एक नळी असायची, ती लहरी नुसत्या कशाही उधळायची. म्हणून भात कडेला चटका आणि मधे गार. ह्याच्यात नळी नाही, आठ चिपा आहेत. त्या लहरी सोडतात पण आणि परत आलेल्या ऐकतात पण. पाणी कुठंय ते हेरून तिथंच ताप देतात. ताटात भाजी गरम, शेजारची कोशिंबीर गार."

"ते ठाऊक आहे. बाहेर काही येतं का?"

"लहर असते बारा सेंटीमीटरची. दाराच्या जाळीची भोकं खसखशीएवढी, त्यातून ती मावत नाही. कडेला दाराला आतून खोबण असते, ती लहरीला माघारी लावते. पाच सेंटीमीटरवर, चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॅटपर्यंत चालतं, असा नियम आहे. तुमचं येतंय..." तिने मीटर पाहिलं. "शून्य पूर्णांक एक. काकू, ओव्हन सज्जन आहे तुमचा."

उज्ज्वलाबाईंचा चेहरा पडला. नजमाला ते बघवेना. "दोन दिवस राहू द्या इथं. गरम झाल्यावर, गार असताना, सगळं बघते."

दोन दिवस उज्ज्वलाबाईंनी सगळं गॅसवर गरम केलं. दोन दिवस हेमंतरावांचा हात एकदाही थरथरला नाही. बुधवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पोहे खाल्ले, वर लिंबू पिळलं आणि ताटली बाजूला सारून म्हणाले, "उज्ज्वला, आज मी चहापण करतो."  त्या मोरीत जाऊन तोंड धुतल्याचं निमित्त करून आल्या.

पण आनंद धड करताही येत नव्हता. केतकी म्हणाली, "योगायोग असेल आई. उद्या संध्याकाळी नाशिकला निघायचंय. ओव्हन चांगला आहे म्हणून तुझीच नजमा सांगतेय." ते खरंच होतं.

नजमा दुपारी ओव्हन घेऊन आली. दोन दिवसांची हकिगत ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या. दुकानात शहाणी आणि घरी खोडकर अशी यंत्रं तिने आयुष्यभर पाहिली होती. निम्म्या वेळा दोष घरातल्या प्लगचा निघायचा. प्लग पाहिला, वायरी पाहिल्या. सगळं ठीक.

"काकू, आता एक करा. रोज करता अगदी तस्संच करा. मी आलेय म्हणून काही नीटनेटकं करू नका. आणि काका, तुम्ही तुमच्या जागी बसा. घाबरू नका, मी जास्त वेळ चालवणार नाही."

उज्ज्वलाबाईंनी ओव्हन ओट्यावर ठेवला. त्यावर कव्हर घातलं. काठ वर उचलला, आत दुधाचा पेला ठेवला, काठाची किनार फटीत सारली, दार लावलं. बटण दाबलं.

नजमाच्या हातातलं मीटर किंचाळलं.

"अगं बाई!" नजमा दोन पावलं मागे सरकली. "सव्वीस! काकू, मागं व्हा आधी. तोंड घालून उभ्या असता तुम्ही रोज इथं?"

टेबलाशी हेमंतरावांची बोटं थरथरायला लागली होती. नजमाने बटण बंद केलं. हिरवा दिवा लागला. "दार बंद आहे. गळती शून्य. मी सुरक्षित आहे."

"गप रे," नजमा त्याला म्हणाली.

मग तिने काठ फटीतून ओढून काढला, पुन्हा मशीन चालवलं. मीटर गप्प. काठ सारला, मीटर किंचाळलं. तीनदा केलं, तीनदा तेच. ती खुर्चीवर बसली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. लहरीला फटीतून बाहेर पडता येत नाही. पण कुणी धातूचा धागा आतून बाहेर ठेवला, तर लहर त्या धाग्यावरून चालत येते, वायरमधून वीज येते तशी. दारावर गळती शोधणारे चार डोळे आहेत, पण चारही कोपऱ्यांत. मधल्या फटीत कुणी पदर खोचेल हे यंत्र बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि काकांचं कडं छातीतल्या चकतीशी लहरींच्या ज्या पट्ट्यात बोलतं, तोच पट्टा ओव्हनचा. शेजारी कुणी बेंबीच्या देठापासून ओरडत असताना कड्याचा बारीक आवाज चकतीला ऐकू कसा यावा? निरोप तुटला की ती जपून स्वतःला बंद करून घेते, वीस मिनिटांनी पुन्हा उठते.

"म्हणजे तार तुटलेली नाही?" हेमंतरावांनी विचारलं. हात अजून थरथरत होता, पण चेहरा वेगळाच झाला होता.

"तारेचं डॉक्टरांना विचारा. पण हे मीटरचे आकडे आणि त्यांच्या नोंदी दोन्ही त्यांच्यापुढं ठेवा."

उज्ज्वलाबाई मात्र ओव्हनसमोर उभ्याच होत्या. तीन महिने. दिवसातून तीनदा. प्रत्येक घासाला आपणच ह्यांचा हात थरथरवला, मऊ भात करून करून.

"मीच केलं," त्या म्हणाल्या.

"तू काय मुद्दाम केलंस?" हेमंतराव म्हणाले. "बस खाली."

नजमा काठ बोटांत धरून उजेडात पाहत होती. "काकू, ही जर कसली आहे?"

"कसली असणार. प्लास्टिकची."

"कोण म्हणतं?"

 हेमंतरावांनी टेबलाकडे पाहिलं.

"प्लास्टिकची असती तर आत घातलेली किनार पहिल्याच आठवड्यात वितळून गेली असती. आणि मीटर असं बोंबललं नसतं. हा धातू आहे. दंतमंजन आहे का घरात?"

तिने ओल्या फडक्यावर चिमूटभर पांढरं मंजन घेतलं आणि काठाचा एक मोर हलक्या हाताने घासला. फडकं काळंकुट्ट झालं. मोर वर आला, पांढराशुभ्र, कुठे कुठे सोन्याची पिवळी झाक राहिलेली.

"तांबं असतं तर खाली लाल निघालं असतं. चांदी आहे काकू. म्हणून तर काळी पडली. वीज वाहून न्यायला जगात ह्याच्यापेक्षा चांगला धातू नाही. खोटी, प्लास्टिकची जर लावली असती ना कुणी, तर काकांना काही झालंच नसतं."

नजमा चहा पिऊन गेली. केतकीने हे सगळं कळवल्यावर डॉक्टर सबनिसांनी तिला फोनवर सांगितलं की शुक्रवार रद्द. महिनाभर नोंदी पाहू, मग ठरवू. केतकी रडली आणि हसली आणि म्हणाली, "आई, मला माफ कर." उज्ज्वलाबाईंनी फ्रिजवरचा कागद काढून मागच्या बाजूला किराणा लिहायला ठेवून दिला.

ऊन उतरायला लागलं तरी त्या कव्हर मांडीवर घेऊन बसून होत्या. सगळे मोर घासून पांढरे केले होते. हेमंतराव समोर येऊन बसले.

"आई म्हणायची तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो. हवं होतं."

"मला तेव्हा वाचा होती, तरी नाही बोललो. आणि गेले पंधरा दिवस वाचा जाणार म्हणून रडत होतो."

उज्ज्वलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग चाळीस वर्षांचा होता, पण तो आता या माणसावर काढावा असं काही वाटेना. "तुम्हीच काय, मीही नाही विचारलं," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

येवल्याला आप्पा एक्क्याण्णव वर्षांचे होते. कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडून बोलावं लागे.

"आप्पा! माझ्या लग्नातली पैठणी आठवते?"

"कोणती?"

"जांभळी! मोरांची!"

"जांभळी होय. न आठवायला काय झालं? अकरा महिने मागावर होती. तुझ्या आईनं रेशमाच्या कांड्या भरल्या."

"तिची जर चांदीची होती?"

पलीकडे आप्पा थोडे चिडलेच. "मग कशाची असणार? पोरीला काय खोटी घालून पाठवीन?"

"काळी पडली हो ती!"

"पडणारच की. चांदी हाये ती. पुसली की झाली."

उज्ज्वलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीत, आप्पा?"

"तू कधी इचारलंस? मला वाटलं, तुला ठाऊकच हाये. विणकराची पोर तू." मग आवाज मऊ झाला. "नीट ठेवलीये ना बाई? वर्षातनं एकदा उन्हाला दाखवीत जा. घडी बदलीत जा."

उज्ज्वलाबाईंनी मांडीवरच्या पदराकडे पाहिलं. कात्रीची कड स्पष्ट दिसत होती. ती कड त्या बोटांनी चाचपत राहिल्या.

हेमंतराव उठले. ट्रंकेतून उरलेली पैठणी काढून त्यांनी बायकोशेजारी ठेवली. शिवणाच्या डब्यातून सुई घेतली, जांभळा दोरा घेतला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा नेढ्यातून आरपार गेला. सुई त्यांनी उज्ज्वलाबाईंच्या हातात दिली.

"अगं, ठेवलीयेस ना नीट?" आप्पा ओरडून विचारत होते.

"हो आप्पा," उज्ज्वलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ताच शिवायला काढलीय."